पलीकडच्या घराची गोष्ट

बालाघाटच्या डोंगरात दोन घरं एकमेकांशी भांडली आणि ते माझ्या मामेसासऱ्यांना ठाऊक नाही, असं आजवर घडलेलं नाही. उलट, आपलं अमक्याशी तीन पिढ्यांचं वैर आहे, हे काही घरांना मामांनी सांगितल्यावरच कळलेलं आहे. येडशीचा घाट चढून गेलात की पार वाशीच्या पलीकडपर्यंत जेवढ्या वाड्या-वस्त्या डोंगराच्या आडोशाला बसल्या आहेत, त्यांतल्या कुठल्या घराचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाशी पाणी बंद आहे आणि कुठं नुसत्याच सुनांमध्ये धुसफुस आहे, हे सगळं मामांच्या डोक्यात असतं. जमीन कुणाची ते तलाठी सांगेल. त्या जमिनीवरून कोण कुणाला काय म्हणालं ते मामांना विचारावं. माझ्या लग्नात मी या गृहस्थांना पहिल्यांदा रंगात आलेलं पाहिलं, तेव्हा ते मांडवाच्या खांबाला टेकून माझ्या वडिलांना आमच्याच चुलतघराण्यातल्या एका भांडणाची हकीकत सांगत होते. वडिलांना ती नवीन होती, आणि ते इतके रंगून ऐकत होते की मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यामुळे तिला वाढवलं, शिकवलं आणि माझ्या गळ्यात बांधलं ते मामांनीच. नोकरीनं ते ढोरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे मलमपट्टीवाले. डोंगरात मात्र त्यांना सगळे ‘डाक्टर’च म्हणत, कारण खऱ्या डॉक्टरांची जीप जिथं थांबायची तिथून मामांची पायवाट सुरू व्हायची. खांद्याला पिशवी, पिशवीत दोर, औषधाच्या बाटल्या, एक भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी आणि घरून भरून घेतलेली पाण्याची बाटली. गाय अडली की माणूस वैर बघत नाही, जो येईल त्याला अंगणात घेतो. आणि वासरू बाहेर यायला दोन-तीन तास लागतात. तेवढ्या वेळात घरातल्यांनी बोलायचं काय? तर पलीकडच्या घराबद्दल. त्यांचीच नजर लागली, त्यांनीच वाट अडवली, त्यांच्या आज्यानं आमच्या आज्याला भर चावडीत असं असं म्हटलं. मामा अंगभर घामानं निथळत वासराचे पाय ओढत असत आणि कान घरमालकाच्या तोंडाकडे लावलेले असत. आठवड्यानं पलीकडच्या घरची म्हैस आजारी पडे आणि दुसरी बाजूही त्यांच्या पदरात पडे.

या धंद्यातून त्यांना एक सवय जडली ती कायमची. मामा नेहमी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालतात, आणि गोष्ट सांगायची वेळ आली की आधी बाह्यांची बटणं सोडून त्या कोपराच्या वरपर्यंत दुमडतात. जणू आता गोष्टीचे पाय धरून ती ओढूनच काढायची आहे. आमच्या घरात मुलांना हे इतकं पाठ होतं की जेवता जेवता मामांचा हात बटणाकडे गेला, की ताटं घेऊन पोरं त्यांच्या जवळ सरकत. गोष्ट संपली की बाह्या खाली, बटणं बंद. मग तुम्ही कितीही विनवा, त्यातलं एक अक्षर पुन्हा मिळायचं नाही.

मी सपाटीवरचा माणूस. धाराशिवात शाळेच्या कचेरीत कारकुनी केली. कुणाशी खटका उडाला की दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन त्याला चहा पाजायचा, ही माझी खोड. मामांना माझी फार कीव येते. “सपाटीवरल्या लोकायला वैर पेलत न्हाय, जावईबापू,” ते एकदा मला म्हणाले. “रोज त्याच बाजारात गाठ पडती, त्याच यष्टीत शेजारी बसावं लागतंय. माणूस किती दिवस तोंड फिरवंल? डोंगरात तसं न्हाय. मधी एक दरा असला की चार पिढ्या निवांत.” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की कुठल्या जमिनीत कुठलं पीक येतं ते सांगत असावेत. आणि पिकं तरी काय एकेक! एका लग्नात येसराची आमटी कमी पडली, आचाऱ्यानं गुपचूप दोन घागरी पाणी ओतलं आणि ती आमटी नेमकी नवऱ्याच्या चुलत्यांच्या रांगेत आली. त्या चुलत्यांची पणतवंडं आज पुण्याला कंपनीत आहेत, पण त्या लग्नाच्या गावाचं नाव निघालं की अजून ‘पातळ’ एवढंच म्हणतात. दुसऱ्या दोन वस्त्यांचं वाकडं आलं ते एका कुत्र्यावरून. ते दिवसा एकीकडे जेवायचं आणि राखण दुसरीकडे करायचं.

पण मामांचा खरा मोठेपणा, आणि खरा आचरटपणाही, त्यांच्या एका नियमात आहे. ज्या घरात बसले असतील त्या घराची बाजू ते कधीही सांगत नाहीत. तिथं सांगायची पलीकडच्या घराची गोष्ट. “यांची यांला ठावच हाय की. तीच ऐकवायला मी काय भाट हाय का?” असं त्यांचं म्हणणं. या नियमापायी त्यांनी काय काय सोसलं आहे! एका घरी अर्धा कप चहा झालेला असताना त्यांनी बाह्या दुमडल्या आणि यजमानांच्या आजोबांनी बांध कसा रेटला ते पलीकडच्यांच्या शब्दांत, हुबेहूब त्यांच्या आवाजात सांगितलं. यजमानांनी पायताण हातात घेतलं. मामा अंगणाबाहेर गेले, कुंपणाशी थांबले आणि तिथूनच म्हणाले, “बरं, चहा तेवढा ऱ्हायलाय माझा.” यजमानांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि कप कुंपणावरून दिला. त्या दोन घरांत पुढच्या वर्षी बोलणं सुरू झालं. मामांमुळं झालं असं मी म्हणत नाही, मामाही म्हणत नाहीत. पण पलीकडचा माणूस आपल्याबद्दल नेमकं काय सांगतो हे एकदा तोंडावर ऐकलं की रागाची निम्मी हवा जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डोंगरात सोयरीक जमवताना पत्रिका गुरुजी बघतात आणि पाणी मामा बघतात. पाणी बंद म्हणजे एकमेकांच्या घरचा पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. बोलणं बंद हे एखाद्या बारशात सुटतं, पाणी बंद मात्र बापाकडून मुलाकडे जातं. म्हणून मुलीचा बाप आधी मामांच्या ओट्यावर येतो आणि दोन्ही घरांची नावं सांगून घाबऱ्या चेहऱ्यानं बसतो. मामा डोळे मिटतात. मग कुठल्यातरी पणज्यापासून सुरुवात करून हळूहळू खाली येतात आणि शेवटी म्हणतात, “पाणी बंद हाय खरं, पर ते थोरल्या पातीशी. तुमी धाकट्या पातीचे. तुमाला लागू न्हाय.” किंवा, “ते तोडलं व्हतं जुन्या हिरीचं पाणी. ती हीर आटली की कवाच!” आजवर मामांनी एकही सोयरीक मोडलेली नाही. एवढी वैरं उरावर बाळगून असलेला माणूस प्रत्येक वैराला कुठंतरी एक फट ठेवतो, हे मला फार उशिरा कळलं.

मध्यंतरी विद्यापीठातून एक मुलगी या गोष्टी गोळा करायला आली. मोठी गोड पोरगी. मामांनी तिला शेंगा दिल्या, दूध पाजलं, दोन दिवस गोष्टी सांगितल्या; फक्त तिला मोबाईलवर टिपू देईनात आणि वहीही बाजूला ठेवायला लावली. “लिवलं की पुरावा व्हतोय, पोरी. सांगितलं की गोष्ट ऱ्हाती. पुराव्यावर माणूस कोर्टात जातंय, गोष्टीवर हसतंय तरी.” ती बिचारी रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन आठवेल तेवढं लिहून काढायची. जाताना तिनं विचारलं, “मामा, तुमच्या स्वतःच्या घराचं कुणाशी वैर नाही?” मामा म्हणाले, “आमचं घर लहान. आमाला कुठलं परवडायलंय?” आणि शेंगांची टरफलं झाडायला उठले.

ते खोटं होतं. माझ्या बायकोच्या माहेरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की दऱ्याच्या पलीकडे टेकावर जी वस्ती आहे, तिथल्या एका घराशी यांचं आज्याच्या काळापासून पाणी बंद आहे. कशावरून, ते मामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मामा सांगत नव्हते. त्या घरच्या ढोरांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण ढोर वस्तीबाहेरच्या लिंबाखाली आणावं लागे. मामा तिथं उपचार करत, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत आणि परत फिरत. बायकोनं एकदा फारच खनपटीला बसून विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “मला एकाच बाजूनं ठाव हाय. एका बाजूची म्हंजे गोष्ट न्हवं, नुसती फिर्याद. त्यांच्याकडं कसं सांगत्यात ते ऐकल्याबिगर म्या तोंड उघडणार न्हाय.” ती दुसरी बाजू ऐकायची तर त्या घरात बसायला हवं आणि बसायचं तर पाणी प्यायला हवं. चाळीस वर्षं साऱ्या डोंगराच्या गोष्टी गोळा करणाऱ्या माणसाची स्वतःची गोष्ट अशी अर्धी राहिली होती.

आणि आमच्या गौरीनं, माझ्या मुलीनं, लग्न ठरवलं ते नेमकं त्या घरातल्या मुलाशी. मुलगा, अमोल, चांगला आहे. डोंगरावर त्या पवनचक्क्या उभ्या राहिल्यात ना, त्यांच्या देखभालीचं काम करतो. दोघं कॉलेजपासून ओळखीची. गौरी मला म्हणाली, “बाबा, लग्न मी अमोलशीच करणार. पण मामाआजोबा मांडवात नसतील तर ते लग्न मला लग्नासारखं वाटणार नाही.” तिकडं अमोलच्या घरात त्याच्या आजीचा शब्द शेवटचा. तिनं निरोप धाडला: त्या डाक्टरनं आमच्या घरी येऊन पाणी प्यावं, मग बोलू. मी मामांना हे सांगितलं. चार दिवस त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. शेजाऱ्यांना वाटलं, दुखणं आलं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. “जाऊ. त्यांच्याकडं कसं सांगत्यात ते तरी ऐकू.”

मी, बायको आणि मामा असे तिघं गेलो. मला भीती एकाच गोष्टीची होती. त्या घरानं त्यांची बाजू सांगितली की मामा बाह्या दुमडणार, नियमाप्रमाणे पलीकडची, म्हणजे आपलीच, बाजू सांगणार, आणि चार पिढ्यांपूर्वीचं भांडण आमच्या डोळ्यांदेखत नव्यानं पेटणार. अंगणात दावणीला दोन बैल होते, घोंगडीवर अमोलची आजी बसली होती. मामा तिच्यासमोर बसले आणि सवयीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून शेजारी ठेवली. म्हातारीनं बाटलीकडे पाहिलं. माझ्या बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मामांच्या काही ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेत उभ्या असलेल्या पोराची हाव होती.

“आक्का,” ते म्हणाले, “तुमच्याकडं कसं सांगत्यात?”

“कशाचं?”

“तुमचं-आमचं पाणी कशानं तुटलं, त्याचं.”

म्हातारीची नजर दावणीकडे वळली. मग म्हणाली, “मला कुठं ठाव, डाक्टर? म्या नांदायला आले तवाच बंद व्हतं. सासू म्हणली, त्या घरचं प्यायचं न्हाय. म्या न्हाय पेले. का म्हणून इचारायची टाप व्हती का आमची?”

मामांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं वाट पाहिली आणि हाती काहीच नाही. तेवढ्यात अमोलचे वडील उत्साहानं पुढं सरकले. “तुमाला ठाव आसंल की, डाक्टर! तुमी साऱ्या डोंगराचं सांगताव. आमचंबी सांगा की येकदा. आमच्या आज्यानं केलं तरी काय?” मामांचा हात बटणाकडे गेला. उजवी बाही वर चढली. डावी चढली. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. घरी जीव मुठीत धरून बसलेल्या गौरीचा तो तिसरा फोन होता. मी तो बंद केला. मामांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. मग सावकाश, एक-एक घडी उलगडत, त्यांनी दोन्ही बाह्या खाली घेतल्या.

“इसरलो बगा,” ते म्हणाले. “वय झालं आता. तांब्या द्या आक्का, तहान लागलीया.”

माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. आमटीत किती घागरी पाणी पडलं ते ज्याला ठाऊक आहे, तो माणूस आपल्या आज्याची गोष्ट विसरतो! म्हातारीनं स्वतः उठून तांब्या भरून दिला. मामांनी तो न थांबता रिकामा केला, आपल्या बाटलीतलं पाणी अंगणातल्या तुळशीला ओतलं आणि मला म्हणाले, “पोरीला फोन लावा की आता.”

गौरीला समक्ष सांगायचं म्हणून मामाही आमच्याबरोबर गाडीतून धाराशिवला निघाले. घाट उतरताना मला राहवेना. “मामा, तुम्ही खरंच विसरलात?”

“तुमी बी काय इचारताव!”

“मग सांगितलं का नाही? त्यांना तर काहीच ठाऊक नव्हतं.”

“म्हातारीला ठाव हाय,” मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “ठाव न्हाय म्हणताना तिनं दावणीकडं बगितलं. ज्याला ठाव न्हाय त्यो माणूस दाराकडं बगंल, आभाळाकडं बगंल. बैलाकडं कशाला बगंल?”

म्हणजे भांडण बैलावरून होतं, एवढं तरी मला कळलं. “मग तुम्ही तिला खोदून का नाही विचारलं?”

“इचारलं आसतं तर तिनं सांगितलं आसतं. मंग मला सांगावं लागलं आसतं. आन मंग आपल्या पोरीचं काय?” गाडी खाली सपाटीला लागल्यावर हळूच म्हणाले, “म्हातारी त्यो बैल कोणत्या रंगाचा सांगती, तेवढं कळायला पायजे व्हतं.”

लग्न थाटात झालं. पंगतीची बैठक मामांनी लावली, आमटी स्वतः चाखून ‘घट्ट हाय’ म्हणून मंजूर केली आणि अमोलच्या आजीच्या शेजारच्याच पाटावर जेवायला बसले. दोघं काय बोलली? ढोरांचा चारा, गुडघेदुखी, पवनचक्कीचा आवाज. मी मुद्दाम वाढायला त्यांच्याच रांगेत होतो, म्हणून ठाऊक आहे. इतकी जपून, इतकी एकमेकांना सांभाळून बोलणारी दोन म्हातारी माणसं मी पाहिलेली नाहीत.

यंदा पोळ्याला गौरीनं आम्हाला टेकावर बोलावलं. आजी आता अंथरुणावरच असते. बैलांची पूजा तिनं दारातूनच पाहिली. बाकीचे मिरवणुकीला गेले तेव्हा मी तिच्याजवळ बसलो आणि धीर करून विचारलं, “आजी, तो बैल कोणत्या रंगाचा होता?” तिनं ‘कोणता बैल’ असं विचारलं नाही. दोन्ही डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पांढरा. कपाळावर काळा चांद. डाक्टरला सांगा, पर म्या सांगितलं म्हणू नका.”

परतताना मी वाटेत मामांकडे उतरलो. ते अंगणात गाईच्या शिंगांना गेरू लावत होते. दोघं पूर्वीसारखं ताठ उभं राहू शकत नाहीत आता, ना गाय ना मामा. मी म्हटलं, “मामा, पांढरा होता. कपाळावर काळा चांद.”

गेरूचा हात तसाच थांबला. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. हात जेमतेम पुसून ते ओट्यावर बसले आणि बाह्या दुमडायला लागले. मला वाटलं, आता सगळी गोष्ट येणार. मीही पोरासारखा जवळ सरकलो.

“आमच्याकडं तांबडा सांगत्यात,” मामा म्हणाले. “पार शेपटीच्या गोंड्यापतोर तांबडा.” आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पाठ चोळली तरी ते हसतच होते. “बगा जावईबापू! चार पिढ्या येकमेकाचं पाणी तोडलं, आन बैलबी येक न्हवता!”

गोष्ट तेवढीच. त्यांनी बाह्या खाली घेतल्या. डाव्या मनगटाचं बटण काही लागेना. अलीकडे काज त्यांच्या बोटांना सापडत नाही. पांढऱ्या शर्टाला गेरू लागत होता, तरी ते नेटानं चाचपत राहिले. मग त्यांनी निमूटपणे हात माझ्यापुढं केला आणि मी ते बटण लावून दिलं.